एकाकी माकडे पुन्हा कळपात कशी येतात

लखनौ शहराच्या मध्यभागी अमीनाबाद नावाची जुनी बाजारपेठ आहे. अवधचे नवाब अमजद अली शाह (राज्यकाल १८४२ ते १८४७) यांचे वजीर इमदाद हुसेन खान अमीनुद्दौला यांच्या नावावरून तिला हे नाव मिळाले. चिकनकामाची वस्त्रे, पुस्तके आणि खाद्यपदार्थ यांच्या दुकानांनी गजबजलेल्या या पेठेत माणसांखेरीज आणखी एक जमात वावरते. ती गच्च्यांवरून, सज्जांवरून आणि विजेच्या तारांवरून ये-जा करते. ही जमात म्हणजे ऱ्हीसस माकडांची होय. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी दिसणारे लांब शेपटीचे टोपी माकड याच कुलातील आहे. पण ऱ्हीससची शेपटी आखूड असून त्याच्या डोक्यावर केसांची टोपी नसते. काळ्या तोंडाचे वानर मात्र या दोहोंहून निराळे.

शहरातील माकडावर आपत्तीही शहरी येतात. तारेचा धक्का बसून आई मरते आणि पिलू तिच्या छातीला चिकटून राहते. वाहनाखाली सापडून एखाद्याचा पाय मोडतो. एखादे पिलू कोणी हौसेने पाळते आणि ते मोठे होऊन चावू लागले म्हणजे साखळीने बांधून ठेवते. अशी माकडे सुटका होऊन संगोपन केंद्रात येतात, तेव्हा त्यांची जखम भरून काढणे हे काम त्या मानाने सोपे असते. खरा प्रश्न पुढेच उभा राहतो: या प्राण्याने आता कोणाच्या सोबतीने जगावे?

हा प्रश्न भावुकतेचा नाही. ऱ्हीसस माकडाला अन्न व पाणी यांच्या खालोखाल सोबत लागते आणि ती न मिळाल्यास त्याचे शरीर व वर्तन दोन्ही बिघडतात, हे गेल्या अनेक दशकांच्या अभ्यासाने सिद्ध झाले आहे.

कळपाची घडण

ऱ्हीससच्या कळपाचा कणा माद्या हा असतो. मादी ज्या कळपात जन्मते, त्यातच बहुधा आयुष्य काढते. आजी, तिच्या मुली व नाती मिळून एक घराणे होते आणि एका कळपात अशी अनेक घराणी नांदतात. त्यांच्यात मानाची उतरंड असते. मुलीला आईच्या लगत खालचे स्थान मिळते आणि बहिणींमध्ये धाकटी थोरलीच्या वर चढते, कारण भांडणात आई धाकटीची बाजू घेते. नर मात्र वयात येताच जन्माचा कळप सोडतो व दुसऱ्या कळपात खालच्या पायरीपासून आपली जागा मिळवतो.

ही सारी व्यवस्था टिकते ती परस्परांचे केस विंचरण्याच्या सवयीवर. लोक याला उवा मारणे म्हणतात. कातडीवरील कीटक, खपल्या व घाण यांमुळे निघते हे खरे. पण तेवढाच त्याचा उपयोग नाही. केस विंचरले जात असताना माकडाच्या हृदयाचे ठोके मंदावतात व अंग सैल पडते. भांडणानंतरचा समेट, नव्या ओळखीचा आरंभ आणि आपत्तीतील पाठराखण या सर्वांचे चलन हेच असते. म्हणून ज्याचे केस विंचरणारे कोणी नाही, ते माकड केवळ एकटे नसते; ते आपल्या समाजात निराधार असते.

एकाकीपणाचा आजार

एकाकीपणाने नेमके काय होते, हे अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी केलेल्या प्रयोगांतून जगापुढे आले. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात आईपासून दूर केलेल्या ऱ्हीसस पिलांचे वर्णन आहे. पिलांपुढे दोन कृत्रिम माता ठेवल्या होत्या; एक उघड्या तारांची, दुसरी मऊ कापड गुंडाळलेली. दूध तारेच्या मातेकडे असले, तरी पिलू पिण्यापुरते तिच्याकडे जाई आणि उरलेला बहुतेक वेळ कापडाच्या मातेला बिलगून राही. अन्न देते तीच आई, ही समजूत त्यामुळे ढासळली. पिलाला स्पर्शाचा आधार हवा असतो.

पुढे काही पिलांना जन्मापासून सहा महिने अथवा त्याहून अधिक काळ पूर्णपणे एकटे ठेवले गेले. बाहेर आल्यावर ती स्वतःलाच मिठी मारून बसत, तासन्‌तास डोलत आणि आपलेच हातपाय चावत. समवयस्क माकडे खेळावयास आली, की ती भयाने कोपऱ्यात जात. हे प्रयोग अत्यंत क्रूर होते आणि त्यांवर पुढे कठोर टीका झाली. परंतु साखळीने बांधलेल्या अथवा पिंजऱ्यात एकट्याने वाढलेल्या माकडांत हीच लक्षणे आजही दिसतात. डोलणे, केस उपटणे व स्वतःला चावणे हा त्या माकडाचा खोडसाळपणा नसून आजार आहे, हे ओळखण्यास त्या दुःखद ज्ञानाचा उपयोग होतो.

धाकट्या सोबत्यांचा उपचार

हा आजार बरा होत नाही, असे प्रथम वाटले होते. समवयस्क माकडांत सोडल्यास एकाकी पिले मार खात व अधिकच मिटून जात. परंतु १९७२ मध्ये स्टीफन सुओमी व हार्लो यांनी निराळाच मार्ग प्रसिद्ध केला. सहा महिने एकटे राहिलेल्या पिलांच्या सोबतीस त्यांनी अवघ्या तीन महिन्यांची निरोगी पिले दिली. इतकी लहान पिले हल्ला करीत नाहीत. जे समोर दिसेल त्याला बिलगणे एवढेच त्यांना ठाऊक असते. कोपऱ्यात डोलत बसलेल्या पिलाजवळ जाऊन ती त्याला चिकटत. प्रथम ते अंग चोरी; काही आठवड्यांनी मात्र तेही बिलगू लागले. लहानगी पिले खेळू लागली, तसे तेही खेळू लागले. सुमारे सहा महिन्यांत त्याचे वर्तन निरोगी पिलाच्या वर्तनाशी जुळू लागले. औषधाने किंवा मनुष्याच्या मायेने जे साधले नव्हते, ते एका लहान माकडाने साधले.

यातून मिळणारा धडा साधा आहे. एकाकी माकडाला सोबत द्यावयाची, ती त्याला भीती न वाटेल अशी द्यावी आणि सावकाश द्यावी.

संगोपन केंद्रातील क्रम

सोबत देण्यापूर्वी नव्या माकडास काही आठवडे वेगळे ठेवणे आवश्यक असते. माणसाचा क्षयरोग माकडाला सहज जडतो, आणि एक आजारी माकड सर्व कळपाचा नाश करू शकते. म्हणून त्याच्या वरच्या पापणीत ट्युबरक्युलिनची सूक्ष्म सुई टोचून तीन दिवसपर्यंत सूज येते की काय, हे पाहतात. माकडाच्या चाव्यातून माणसालाही अलर्क रोग व इतर विषाणू यांचा धोका असतो. ते कितीही माणसाळलेले असले, तरी सेवकांनी म्हणूनच सावध राहावे लागते.

त्यानंतर ओळखीची पायरी येते. दोन पिंजरे शेजारी ठेवून मध्ये जाळी असते. माकडे परस्परांना पाहतात, हुंगतात. ओठ भराभर हलवून चट्‌चट् आवाज करणे ही मैत्रीची खूण होय. दात दाखवणे हे हसणे नसून भीतीचे व शरणागतीचे चिन्ह असते. उघडे तोंड, रोखलेली नजर व पुढे झेपावणे ही धमकी असते. पाळणाऱ्यास ही भाषा वाचता आली पाहिजे. जाळीपलीकडे पाठ करून एखादे माकड बसले आणि दुसऱ्याने बोटे घालून त्याचे केस विंचरण्यास आरंभ केला, म्हणजे दार उघडण्याची वेळ जवळ आली असे समजावे.

दार उघडण्यापूर्वी जागेची रचना तपासावी लागते. पळणाऱ्याला कोंडीत पकडता येईल असा कोपरा नसावा. नजरेआड होण्यास आडोसे असावेत. अन्न एकाच ठिकाणी न ठेवता अनेक ठिकाणी विखरून ठेवावे. अन्यथा बलवान माकड त्यावर ठाण मांडते व नवागत उपाशी राहतो. अनाथ पिलू बहुधा शांत स्वभावाच्या प्रौढ मादीजवळ देतात. कित्येकदा स्वतःचे पिलू नसलेली मादीही त्याला पोटाशी घेते. दोन प्रौढ नर एकत्र आणणे सर्वांत कठीण असते, आणि प्रत्येक जोडी जुळतेच असेही नाही. न जुळल्यास पुन्हा जाळीपासून आरंभ करावा लागतो.

मग त्यास वनात का सोडू नये, असा प्रश्न स्वाभाविक आहे. जखम बरी झालेले आणि आपल्या कळपापासून फार दिवस दूर न राहिलेले माकड मूळ जागी सोडता येते. परंतु बालपणापासून माणसांत वाढलेले माकड परक्या कळपात सोडल्यास तो कळप त्याच्यावर तुटून पडतो. पोट भरण्यासाठी ते मग माणसाकडेच परतते. भारत सरकारने १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या व सिंह यांचे खेळ करण्यास बंदी केली; त्यानंतर मदाऱ्यांकडून सोडवलेल्या माकडांपुढेही हीच अडचण उभी राहिली. अशांना संगोपन केंद्रातील लहानसा, जुळवून आणलेला कळप हेच आयुष्यभराचे घर ठरते.

बेटावरील लखनौकर

तुटलेला समाज पुन्हा जोडला जातो, याचे सर्वांत मोठे उदाहरण लखनौच्याच माकडांनी पुरवले आहे. १९३८ मध्ये क्लॅरेन्स रे कार्पेंटर या अमेरिकन शास्त्रज्ञाने मुख्यतः लखनौच्या परिसरात पकडलेली माकडे कलकत्त्याहून जहाजाने नेली. त्यांतील ४०९ माकडे कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको जवळच्या कायो सँतियागो नावाच्या सुमारे १५ हेक्टरांच्या बेटावर सोडण्यात आली. निरनिराळ्या कळपांतून ओढून आणलेल्या या परक्यांत प्रथम घनघोर झुंजी झाल्या व अनेक पिले दगावली. पुढे मात्र हळूहळू नवे कळप बांधले गेले. आज बेटावर असणारी हजाराहून अधिक माकडे त्यांचीच वंशज आहेत.

२० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया नावाच्या चक्रीवादळाने बेटावरील बहुतेक झाडोरा नष्ट केला. सावली दुर्मिळ झाली व भर उन्हात जागेसाठी भांडणे वाढतील अशी अपेक्षा होती. घडले उलट. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की वादळानंतर माकडांनी जुने स्नेह घट्ट करण्यापेक्षा नवे सोबती अधिक जोडले, आणि पूर्वी जी एकटी राहत त्यांच्यात हा बदल विशेष दिसला. २०२४ च्या अभ्यासानुसार, सावलीत इतरांना जवळ बसू देणारी माकडे अधिक संख्येने जगली. अन्नासाठी नव्हे, तर सावलीच्या एका पट्ट्यासाठी ती परस्परांना सहन करण्यास शिकली होती.

नागरिकांनी काय करावे

अमीनाबादच्या दुकानदारास यातून काही व्यवहार्य सूचना मिळतात. अनाथ पिलू सापडल्यास प्रथम थोडे दूर राहून कळप परत येतो का हे पाहावे. पुष्कळदा आई जवळच असते. आई मेली असेल, तर पिलास घरी पाळू नये. वनविभागास किंवा प्राण्यांच्या दवाखान्यास कळवावे. आज जे पिलू मांडीवर झोपते, ते चार वर्षांनी आपल्या सुळ्यांनी गंभीर जखम करू शकते, आणि तोपर्यंत माकडांची भाषा ते विसरलेले असते किंवा कधी शिकलेलेच नसते.

उपद्रवी माकडे पकडून दूर सोडण्याची मागणी नगरांतून वारंवार होते. नुकसान व चावे सोसणाऱ्यांची ही तक्रार रास्त आहे. परंतु हाती लागतील ती दोन-चार माकडे उचलून नेल्यास माता व पिले यांची ताटातूट होते आणि शहरात तसेच वनात नवी एकाकी माकडे निर्माण होतात. १९९७ मध्ये मथुरेजवळील वृंदावनातून सुमारे ६०० माकडे हलवली गेली, तेव्हा ती कळपवार हलवण्यात आली, आणि नव्या जागी ती स्थिरावली. माकड हलवायचे असेल, तर त्याचा समाजही त्याच्याबरोबर हलवावा, हाच त्या अनुभवाचा अर्थ आहे.

संगोपन केंद्रातील एखादे माकड बरे झाले की नाही, हे त्याच्या वजनावरून किंवा भरलेल्या जखमेवरून पुरते ठरत नाही. दुपारच्या उन्हात ते दुसऱ्यापुढे निर्धास्तपणे पाठ करून बसते आणि दुसऱ्याची बोटे त्याच्या केसांतून फिरू लागतात, तेव्हाच त्याचा उपचार पूर्ण झाला असे म्हणता येते.