सामायिक साधनांवर उभे राहिलेले विषाणू संशोधन

कोरोनाविषाणू सजीव पेशींतच वाढत असल्यामुळे त्याच्या अभ्यासासाठी संवर्धित पेशी आणि शुद्ध केलेला विषाणू यांची प्रयोगशाळांमध्ये देवाणघेवाण होणे अपरिहार्य असते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये कोविडचा विषाणू सार्स-कोव्ह-२ वेगळा केला, तो व्हेरो पेशींमध्ये, म्हणजे १९६२ मध्ये जपानात आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या आणि अखंड वाढवता येणाऱ्या पेशींमध्ये. पुढे याच संस्थेने दिलेल्या विषाणूपासून कोव्हॅक्सिन ही लस विकसित झाली.

नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथील कोविडच्या आरटी-पीसीआर तपासणीला, म्हणजे नमुन्यातील विषाणूचा जनुकांश शोधणाऱ्या चाचणीला, मात्र जिवंत विषाणू लागत नव्हता. लागत होते ते प्रायमर, म्हणजे विषाणूच्या जनुकातील ठरावीक जागा शोधणारे डीएनएचे आखूड तुकडे, आणि ‘पॉझिटिव्ह कंट्रोल’, म्हणजे विषाणूचा जनुकांश निश्चितपणे असलेला नमुना. या नमुन्याचे मोल सहसा लक्षात घेतले जात नाही. वास्तविक तोच नसेल, तर ‘निगेटिव्ह’ आलेला अहवाल रुग्ण बाधित नसल्यामुळे आला की रसायनेच निकामी झाल्यामुळे, हे सांगता येत नाही.