पिस्तुलाची पारख

कोणतीही टिकाऊ वस्तू घेताना माणूस तीन गोष्टी पाहतो. किंमत आवाक्यातली असावी, काम चोख व्हावे आणि ऐन वेळी वस्तूने दगा देऊ नये. शिवणयंत्र असो, घड्याळ असो की विहिरीवरचा पंप असो, गिऱ्हाइकाची अपेक्षा हीच असते. अर्धस्वयंचलित पिस्तुलाची निवड करणाऱ्यापुढेही हेच तीन प्रश्न उभे राहतात. फरक इतकाच की, येथे चुकलेल्या निवडीची भरपाई पैशाने होत नाही. घड्याळ बंद पडले तर फार तर गाडी चुकते. पण पिस्तूल अडकले तर शिपायाचा प्राण जातो, आणि नको त्या वेळी सुटले तर एखाद्या निरपराध माणसाचा. म्हणूनच ज्यांनी ही निवड मोठ्या प्रमाणावर केली, त्यांनी ती कोणत्या कसोटीवर केली आणि कोठे ठेच खाल्ली, हे पाहण्याजोगे आहे.

प्रथम हे यंत्र चालते कसे, ते थोडक्यात पाहू. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे एका फिरत्या चक्रात भरलेली असतात आणि ते चक्र फिरविण्याचे बळ झाडणाऱ्याच्या बोटाला लावावे लागते. अर्धस्वयंचलित पिस्तुलात हे काम स्फोटाच्या शक्तीकडूनच करवून घेतले जाते. गोळी पुढे जाते तसा तितकाच धक्का मागच्या बाजूला बसतो. त्या धक्क्याने नळीवरचे सरकते आवरण, ज्याला ‘स्लाइड’ म्हणतात, ते मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, आणि स्प्रिंगच्या जोरावर परत पुढे येताना मुठीतल्या मॅगझिनमधून नवे काडतूस नळीत सारते. हा सर्व व्यवहार डोळ्याचे पाते लवण्याच्या आत उरकतो. ‘अर्ध’स्वयंचलित म्हणावयाचे ते एवढ्यासाठी की, पुढचे काडतूस आपोआप भरले जाते, परंतु आपोआप सुटत नाही. प्रत्येक गोळीसाठी चाप नव्याने ओढावाच लागतो.

या रचनेतच सगळी मेख आहे. सैन्यातल्या बहुतेक पिस्तुलांत गोळी सुटताना नळीही किंचित हलते आणि पुन्हा जागेवर येते. दर वेळी ती तंतोतंत त्याच जागी बसली, तर नेम सारखा लागतो. त्यासाठी भागांची घडण घट्ट हवी, एकमेकांत केसाइतकीही फट नको. परंतु घट्ट बसणाऱ्या भागांत वाळूचा कण शिरला, दारूची काजळी साचली किंवा तेल सुकले, की यंत्र अडते. उलट भाग थोडे सैल ठेवले तर चिखल-माती पचवून यंत्र चालते, पण नेमाचा बारीकपणा थोडा कमी होतो. घट्टपणा आणि सैलपणा दोन्ही साधावयाचे, तर कुशल कारागिराच्या हाताने एकेक भाग घासून बसवावा लागतो, आणि मग किंमत चढते. अचूकपणा, भरवसा आणि स्वस्ताई ही तीन भावंडे एका घरात नांदतात खरी. पण तिघांनाही सारखाच वाटा मिळाला, असे सहसा घडत नाही. तेव्हा पारख करणाऱ्याने आधी ठरवावयाचे ते हे की, आपल्या कामाला यांतले पहिले कोण आणि दुसरे कोण.

अमेरिकेच्या सैन्याने विसाव्या शतकाच्या आरंभी हा निर्णय स्पष्टपणे केला. फिलिपिन्समधील लढायांत ०.३८ इंची रिव्हॉल्व्हर अपुरे पडते, अशा तक्रारी आल्या होत्या. १९०४ साली थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी चाचण्या घेऊन सैन्याच्या पिस्तुलाची गोळी ०.४५ इंचाहून लहान नसावी, अशी शिफारस केली. १९०७ पासून निरनिराळ्या कारखान्यांची पिस्तुले तपासण्यात आली आणि अखेर दोनच उरली. एक सॅव्हेज कंपनीचे, आणि दुसरे जॉन ब्राउनिंग यांनी आखलेले कोल्ट कंपनीचे. मार्च १९११ मध्ये दोहोंतून प्रत्येकी ६,००० गोळ्या झाडल्या गेल्या. दर शंभर गोळ्यांनंतर पिस्तूल थंड होऊ द्यावयाचे आणि दर हजारांनंतर साफ करून तेल द्यावयाचे, असा नियम होता. सॅव्हेज ३७ वेळा अडले. कोल्ट एकदाही अडले नाही. त्याच महिन्यात कोल्ट पिस्तूल स्वीकारले गेले आणि १९८५ पर्यंत, म्हणजे तब्बल ७४ वर्षे, ते अमेरिकी सैन्याचे अधिकृत पिस्तूल राहिले. त्या निवडीत सौंदर्याला, कारखान्याच्या नावाला किंवा विक्रेत्याच्या वक्तृत्वाला स्थान नव्हते. सोने कसाला लावावे, तसे हत्यार गोळ्यांना लावले गेले.

अशीच शिकवण ऑस्ट्रियातून मिळते. १९८० च्या सुमारास तेथील सैन्याला जुन्या पिस्तुलांच्या जागी नवी हवी होती. सैन्याने ज्या अटी घातल्या त्यांत एक अशी होती की, पहिल्या १०,००० गोळ्यांत वीसपेक्षा अधिक वेळा पिस्तूल अडता कामा नये, आणि सहज दूर होणारा लहानसा अडथळाही त्यात मोजला जाईल. गास्टन ग्लॉक नावाच्या एका कारखानदाराने ही स्पर्धा जिंकली. त्यांच्या कारखान्यात तोवर पडद्यांच्या दांड्या, सुऱ्या असा माल होत असे. पिस्तूल त्यांनी पूर्वी कधी केले नव्हते. त्यांनी मुठीचा सांगाडा पोलादाऐवजी पॉलिमरचा, म्हणजे एका मजबूत प्लॅस्टिकचा केला आणि सगळ्या पिस्तुलातील भागांची संख्या ३४ वर आणली. भाग कमी म्हणजे बिघडण्याच्या जागा कमी, आणि घासून बसविण्याची मजुरीही कमी. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने हे पिस्तूल स्वीकारले. स्वस्त ते सर्व हिणकसच, या समजाला त्याने तडा दिला. स्वस्ताई हलक्या मालातून येते तेव्हा ती घातक असते. साध्या रचनेतून येते तेव्हा तिच्यातून भरवसाही वाढतो. गिऱ्हाइकाने हा भेद ओळखला पाहिजे.

किंमत म्हणजे काय, हा प्रश्नही वाटतो तितका सरळ नाही. १९८५ साली अमेरिकी सैन्याने कोल्टच्या जागी ९ मिलिमीटरचे नवे पिस्तूल घेतले, तेव्हा अखेरच्या फेरीत इटलीची बेरेटा आणि सिग-सावर अशा दोन कंपन्या उरल्या होत्या. एका पिस्तुलाची किंमत सिगची १७६ डॉलर ३३ सेंट, तर बेरेटाची १७८ डॉलर ५० सेंट होती. म्हणजे सिगचे पिस्तूल स्वस्त. तरीही कंत्राट बेरेटाला मिळाले, कारण मॅगझिने आणि सुटे भाग धरून एकूण बेरीज केली तेव्हा बेरेटाचा आकडा कमी भरला. तीन लाखांहून अधिक पिस्तुलांच्या व्यवहारात दोन डॉलर १७ सेंटांचा फरक सुट्या भागांनी पुसून टाकला. घोड्याची किंमत दावणीला बांधण्यापूर्वी देतात, पण त्याचा खर्च चंदी-वैरणीत होतो, हे आपल्याकडच्या जुन्या जाणत्यांस ठाऊकच होते. पिस्तुलाची वैरण म्हणजे काडतुसे. नियमाने सराव करणाऱ्याचा काडतुसांवरचा खर्च पाहता पाहता पिस्तुलाच्या किमतीला गाठतो आणि मागेही टाकतो.

परंतु याच निवडीनंतर एक कठीण धडा मिळाला. १९८७ आणि १९८८ या वर्षांत काही बेरेटा पिस्तुलांच्या स्लाइड झाडताना तुटल्या आणि मागचा तुकडा उडून झाडणाऱ्यांना इजा झाली. कारण काय याविषयी वाद झाला. कोणी धातूकडे बोट दाखविले, तर कोणी काडतुसांच्या जोराकडे. अखेर स्लाइड तुटलीच तरी तिचा तुकडा मागे उडू नये, यासाठी घोड्याच्या खिळीचे डोके मोठे करण्यात आले. यावरून दिसते ते असे की, भरवशाची परीक्षा एकदा होऊन संपत नाही. हजारो गोळ्यांनी धातू थकतो, स्प्रिंग मऊ पडते, मॅगझिनची ओठे वाकतात. पिस्तूल अडण्याची कारणे शोधावयास गेले तर पुष्कळदा दोष पिस्तुलात नसून मॅगझिनमध्ये सापडतो.

२०१७ साली अमेरिकी सैन्याने पुन्हा एकदा निवड केली. या वेळी सिगचे पिस्तूल जिंकले. सिगची हिशेबात धरलेली किंमत १६ कोटी ९५ लाख डॉलर होती, तर ग्लॉकची २७ कोटी २२ लाख. एवढ्या तफावतीपुढे ग्लॉकची हरकत टिकली नाही. मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, सिगच्या त्याच जातीचे नागरिकांना विकले जाणारे पिस्तूल विशिष्ट कोनात जमिनीवर पडल्यास आपोआप सुटू शकते, असे उघडकीस आले आणि कंपनीने चापाच्या भागांत बदल करून देण्याचे जाहीर केले. चाप ओढल्यावर सुटणे ही भरवशाची एक बाजू झाली. चाप न ओढता कधीही न सुटणे, ही तिची दुसरी आणि अधिक मोलाची बाजू होय. पहिली बाजू चुकली तर धनी संकटात येतो. दुसरी चुकली तर शेजारी.

आता आपल्या अंगणातला प्रश्न घेऊ. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून पिस्तूल बाळगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकास तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवण्याची मर्यादा घातली. ९ मिलिमीटरचे पिस्तूल सैन्य व पोलिसांसाठी राखलेले असून ते साध्या परवान्यावर मिळत नाही. तेव्हा सर्वसामान्य वाचकास पिस्तुलाची पारख करण्याचा प्रसंग येईल तो बहुधा नेमबाजीच्या मैदानावर, आणि तो आला तर आनंदाचाच होय.

नेमबाजीत तिन्ही गुणांचा क्रम बदलतो. २५ मीटरच्या स्पर्धेत ०.२२ इंची काडतुसाचे पिस्तूल वापरतात. त्याचे वजन १,४०० ग्रॅमहून अधिक नसावे आणि चाप किमान १,००० ग्रॅम जोराने ओढल्यावरच सुटावा, असा नियम आहे. संथ फेरीत लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे ५ सेंटिमीटरचे असते. येथे चिखल नाही, वाळू नाही. म्हणून घट्ट घडण परवडते, आणि अचूकपणा पहिल्या आसनावर बसतो. तरी भरवसा दाराबाहेर राहत नाही. शीघ्र नेमबाजीच्या अखेरच्या टप्प्यात पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या चार सेकंदांत झाडावयाच्या असतात. तेथे एक पुंगळी अडकली की वर्षांची मेहनत वाया जाण्याची वेळ येते. या प्रकारात आपल्या सैन्यातील सुभेदार विजय कुमार यांनी २०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविले. त्यांची साधना इंदूरपासून जवळच असलेल्या महू येथील सैन्याच्या नेमबाजी केंद्रात झाली. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले, तेही गुणांची बरोबरी झाल्यावर जादा फैरी झाडून. अशा क्षणी नेमबाजाने फक्त आपल्या श्वासाचा विचार करावयाचा असतो. हत्याराचा विचार मनात आला की हात हललाच. याउलट २०२१ मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये मनू भाकर यांचे हवेचे पिस्तूल ऐन फेरीत बिघडले, मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये त्यांनी दोन कांस्यपदके मिळविली, हा भाग वेगळा. पण यंत्राच्या एका लहानशा भागाचे मोल किती, हे सर्व देशाला त्या दिवशी कळले.

मग नवशिक्याने काय करावे? घाईने विकत घेऊ नये, हा पहिला सल्ला. मान्यताप्राप्त क्लबात आधी हवेच्या पिस्तुलावर हात बसवावा, नंतर क्लबाची निरनिराळी ०.२२ पिस्तुले शिक्षकाच्या देखरेखीखाली झाडून पाहावी. मूठ हाताला बसते का, चाप दर वेळी सारख्याच जोराने सुटतो का, हे डोळ्यांनी कळत नाही, हातालाच कळते. ज्या जातीची काडतुसे पुढे नेहमी वापरावयाची, तीच घालून परीक्षा करावी. कारण एका काडतुसावर सुरळीत चालणारे पिस्तूल दुसऱ्यावर कुरकुरते. दोन-चारशे गोळ्यांत एकदाही न अडलेले साधे पिस्तूल, दहा गोळ्यांत डोळे दिपविणाऱ्या महागड्या पिस्तुलापेक्षा अधिक विश्वासाचे. सुटे भाग आणि दुरुस्ती करणारा जवळपास मिळतो का, हे किमतीच्या आधी विचारावे. आणि साधे पिस्तूलही नवशिक्याच्या हातापेक्षा पुष्कळच अचूक असते, हे लक्षात ठेवावे. गोळी बाजूला गेली तर दोष आधी आपल्या बोटात शोधावा, मग नळीत.

तात्पर्य, पिस्तुलाची पारख जाहिरातीवरून होत नाही आणि दुसऱ्याच्या शिफारशीवरूनही होत नाही. काम कोणते ते आधी ठरवावे, त्या कामाला पहिला गुण कोणता ते ओळखावे, खर्च वर्षाचा मोजावा आणि मग यंत्राला शांतपणे, पुन्हा पुन्हा बोलते करावे. हजार गोळ्यांच्या साक्षीपुढे कोणत्याही कारखान्याचे नाव मोठे नाही. आणि एवढी पारख करून घरी आणलेले पिस्तूल रिकामे करून कुलपात ठेवण्याची ज्याची तयारी नसेल, त्याने कितीही स्वस्त मिळाले तरी ते घेऊच नये.