शस्त्रक्रियेनंतर मासिक पाळी का लांबते?

अपेंडिक्स किंवा पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या अनेक स्त्रियांची पुढची मासिक पाळी लांबते, लवकर येते किंवा रक्तस्रावाचे प्रमाण बदलते. गर्भाशयाला धक्काही लागलेला नसताना असे का व्हावे?

शरीराच्या दृष्टीने शस्त्रक्रिया हा आघातच असतो. त्याची वार्ता मेंदूतील हायपोथॅलॅमस व पीयूषिका ग्रंथीपर्यंत पोहोचताच कॉर्टिसॉल आणि प्रोलॅक्टिन ही संप्रेरके वाढतात. शरीराची शक्ती जखम भरून काढण्याकडे वळते आणि अंडाशयांना चालना देणारे संदेश मंदावतात. परिणामी इस्ट्रोजेनची पातळी काही काळ घटते, बीजविमोचन पुढे ढकलले जाते किंवा त्या महिन्यात होतच नाही. शस्त्रक्रिया जितकी मोठी, तितका हा परिणाम तीव्र. वेदनाशमनासाठी दिल्या जाणाऱ्या मॉर्फीनसारख्या औषधांमुळेही हे संदेश दबतात. बहुतेकींचे चक्र एक-दोन महिन्यांत पूर्ववत होते. मात्र पाळी लांबलीच तर गर्भधारणेची चाचणी टाळू नये.

गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भूल देताना शिथिल केलेले स्नायू पूर्ववत करण्यासाठी काही वेळा सुगामाडेक्स हे औषध वापरतात. ते गोळ्यांतील प्रोजेस्टोजेनला बांधून ठेवते व गोळीचा प्रभाव कमी करते. म्हणून त्यानंतर 7 दिवस निरोधसारखे संप्रेरकविरहित साधन वापरण्याचा सल्ला दिला जातो. इस्ट्रोजेनयुक्त गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढत असल्याने मोठ्या नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी त्या सुमारे 4 आठवडे आधी थांबवाव्यात का, हेही डॉक्टरांना विचारावे.

खरा गोंधळ होतो तो ‘पिशवी काढली’ या शब्दांमुळे. केवळ गर्भाशय काढल्यास पाळी थांबते. परंतु अंडाशये शाबूत असल्यास संप्रेरके पाझरत राहतात. रजोनिवृत्तीपूर्वी दोन्ही अंडाशये काढल्यास मात्र इस्ट्रोजेन काही दिवसांतच झपाट्याने घसरते. अंगातून गरम वाफा येणे, झोप उडणे हे त्रास एकाएकी सुरू होतात. पुढे हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. ही घट आपोआप भरून येत नाही. त्यासाठी संप्रेरक उपचारांचा विचार करावा लागतो.

त्यामुळे संमतिपत्रावर स्वाक्षरी करण्यापूर्वी स्त्रीने विचारलेच पाहिजे: नेमके काय काढणार, अंडाशये राहणार की नाही, आणि राहणार नसतील तर पुढे काय?