धुराला सीमा नसते

आमचे अण्णा मालमोटार चालवतात. सोलापूर, विजयपूर, हुबळी हा त्यांचा नेहमीचा रस्ता. शाळेत असताना सुट्टीत मी एकदोनदा त्यांच्या केबिनमध्ये बसून गेलो आहे. महाराष्ट्राची हद्द संपली की अण्णा पहिल्या बऱ्याशा पंपावर गाडी उभी करत आणि टाकी भरून घेत. "इथं चार पैसे स्वस्त पडतं रे," एवढेच त्याचे स्पष्टीकरण. त्या टाकीत केवळ स्वस्त डिझेल नव्हे, तर एका मोठ्या प्रश्नाचे मूळ भरले जात होते, हे मला कॉलेजात आल्यावर, पर्यावरणाच्या तासाचा प्रकल्प करताना समजले. त्याविषयीच चार शब्द लिहितो.

जमिनीतून निघणाऱ्या खनिज तेलात गंधक असते. ते शुद्धीकरण कारखान्यात काढून टाकावे लागते आणि त्याला खर्च येतो. राहिलेले गंधक इंजिनात जळते, त्याचा वायू होतो आणि हवेत गेल्यावर त्याचेच पुढे अतिसूक्ष्म कण बनतात. हे कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. पण गंधकाचा दुसरा अपराध याहून मोठा आहे. आधुनिक गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारी यंत्रणा बसवलेली असते. गंधक तिला निकामी करते. म्हणजे चांगली गाडी आणि वाईट तेल हा संसार टिकत नाही. गाडी आणि तेल ही दोन्ही एकाच वेळी सुधारावी लागतात.

आता आमच्या गावाकडे वळू. २०१० साली 'भारत स्टेज चार' हे मानक देशातील निवडक शहरांना लागू झाले. दिल्ली, मुंबई, पुणे यांच्या पंक्तीत आमच्या सोलापूरलाही पान मिळाले! या मानकाच्या डिझेलमध्ये दर दहा लाख भागांत गंधक फार तर ५० भाग. शहराबाहेरच्या 'स्टेज तीन' डिझेलमध्ये मात्र ३५० भागांपर्यंत मुभा होती. म्हणजे नकाशावर शहराभोवती एक रेघ ओढली गेली. रेघेच्या आत स्वच्छ तेल आणि बाहेर सातपट गंधकाचे. पण मालमोटार रेघ ओळखत नाही. अण्णांसारखे शेकडो चालक बाहेर टाकी भरून शहरातून जात होते. यात त्यांचा दोष काय? ज्याचे पोट भाड्यावर आहे, तो स्वस्त पंप शोधणारच. दोष रेघेचा होता. ती पुसली गेली २०१७ च्या एप्रिलमध्ये, जेव्हा सगळ्या देशाला स्टेज चार लागू झाले. पुढे १ एप्रिल २०२० रोजी देशाने पाचवी पायरी गाळून एकदम सहावी गाठली आणि गंधक १० भागांवर आले.

जी गोष्ट शहराच्या वेशीची, तीच देशाच्या सीमेची. याचे उत्तम उदाहरण आफ्रिकेत सापडते. पेट्रोलमध्ये शिसे मिसळले की इंजिन ठोके देत नाही, हा शोध अमेरिकेत थॉमस मिजली यांनी १९२१ साली लावला आणि जगाने तो उचलला. पण धुरातले शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाले. सहाराच्या दक्षिणेकडील देशांची अडचण वेगळी होती. अनेक देशांना समुद्र नाही आणि स्वतःचा तेलशुद्धीकरण कारखानाही नाही. तेल शेजाऱ्याच्या बंदरातून येते. अशा देशाने एकट्याने बंदी घालून काय साधणार? म्हणून २००१ च्या जूनमध्ये हे देश डाकार येथे एकत्र बसले आणि २००५ अखेर शिसे हद्दपार करण्याचे त्यांनी ठरवले. विशेष म्हणजे त्यांनी ते करूनही दाखवले. ज्यांना आपण गरीब देश म्हणतो, त्यांनी साडेचार वर्षांत हे काम उरकले. जगातील शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ साली या शिशातून मुक्त झाला.

आपल्या दक्षिण आशियात काय आहे? १९९८ च्या एप्रिलमध्ये भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, भूतान, मालदीव आणि इराण या आठ देशांनी माले जाहीरनामा स्वीकारला. हवेचे प्रदूषण सीमा ओलांडते, म्हणून ते मिळून मोजावे आणि मिळून रोखावे, हे त्याचे सार. पण कोणी, किती आणि केव्हापर्यंत कमी करावे, याचे बंधन त्यात नाही. युरोपने १९७९ साली जिनिव्हात असाच करार केला, परंतु १९८५ साली हेलसिंकीत त्याला आकडा जोडला: गंधकाचे उत्सर्जन १९८० च्या तुलनेत १९९३ पर्यंत किमान ३० टक्के कमी. आकडा असला की हिशेब मागता येतो.

तरीही सहकार्य अगदीच नाही असे नव्हे. नेपाळचे पेट्रोल-डिझेल भारतातून जाते. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये मोतिहारी ते अमलेखगंज अशी ६९ किलोमीटरची तेलवाहिनी सुरू झाली. आपल्याकडचे तेल २०२० साली सुधारले, तसे काठमांडूच्या टाकीतलेही सुधारले. तिथल्या रस्त्यांवर मात्र जुन्या गाड्या होत्याच. तेव्हा आमच्या संसाराचा नियम उलट बाजूनेही खरा ठरतो: चांगले तेल आणि जुनी गाडी, हेही अर्धेच काम.

हिवाळ्यात लाहोरपासून ढाक्यापर्यंत जे धुरके साचते, त्यात कोणत्या देशाचा किती वाटा, यावर दरवर्षी वाद होतात. श्वास मात्र सगळ्यांचाच कोंडतो. मित्रहो, सीमेवरचे नाके माणसांना आणि मालाला अडवतील, धुराला नाही. त्याला अडवायचे तर दोन्ही बाजूंच्या पंपांवर सारखेच तेल हवे.

अण्णा आजही पलीकडेच टाकी भरतात. खोकलाही त्यांना तीस वर्षांच्या रस्त्याने दिला आहे. परवा हा लेख त्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "म्हणजे आता दोन्हीकडचं डिझेल सारखंच?" मी म्हटले, "हो, गंधकापुरतं." ते हसले, "मग भावही सारखा करायला सांग की!" विनोद बाजूला ठेवला, तर या प्रश्नाचा अर्धा उलगडा त्या वाक्यात आहे, असे मला वाटते.