सूर्यावरील डाग आणि बाजारातील भाव

सूर्य म्हणजे तेजाचा गोल. अशा तेजस्वी गोलावरही डाग असतात, हे ऐकून प्रथम नवल वाटते. परंतु ती गोष्ट खरी आहे. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस असते. डागाच्या जागी ते दीड-दोन हजार अंशांनी कमी असते. म्हणून सभोवतालच्या लखलखाटात तेवढा भाग काळसर दिसतो. या डागांची संख्या नेहमी सारखी नसते. ती हळूहळू वाढते, पुढे घटू लागते आणि सरासरी ११ वर्षांनी हे चक्र पूर्ण होते. जर्मनीतील श्वाबे या गृहस्थाने सतरा वर्षे नेमाने सूर्याचे निरीक्षण करून १८४३ साली हा क्रम प्रथम ओळखला.

शेतातील पीक सूर्याच्या उष्णतेवर वाढते. पीक चांगले आले की धान्य स्वस्त होते, बुडाले की महाग होते. आणि धान्य महागले की इतर मालाला गिऱ्हाईक मिळत नाही. तेव्हा सूर्यावरील डागांचा आणि बाजारातील भावांचा काही संबंध असेल काय?

हा प्रश्न विल्यम हर्शेल या थोर ज्योतिर्विदाने १८०१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. युरेनस ग्रहाचा शोध लावणारे ते हेच हर्शेल. जुन्या काळच्या तापमानाच्या नोंदी त्यांना उपलब्ध नव्हत्या. म्हणून त्यांनी इंग्लंडातील गव्हाच्या भावांचा आधार घेतला. ज्या काळात डाग थोडे दिसले, त्या काळात गहू महाग होता, असे त्यांना आढळले. लोकांनी या कल्पनेची थट्टा केली.

पुढे पाऊणशे वर्षांनी विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने ती कल्पना पुन्हा हाती घेतली. इंग्लंडात दर दहा-अकरा वर्षांनी व्यापारावर मोठे संकट येत असे. पेढ्या बुडत, कारखाने बंद पडत आणि मजुरांच्या चुली विझत. १८२५, १८४७, १८५७ आणि १८६६ ही अशीच संकटाची वर्षे होती. यामागे सूर्य असावा, असे जेव्हन्स यांच्या मनाने घेतले. १८७५ साली त्यांनी इ. स. १२५९ ते १४०० या काळातील धान्याचे भाव अकरा-अकरा वर्षांच्या गटांत मांडले, तेव्हा त्यांत चढउताराचा एक क्रम दिसला. परंतु जेव्हन्स प्रामाणिक होते. त्यांनी आपलीच मांडणी पुन्हा तपासली, तेव्हा त्याच आकड्यांत ३, ५, ७, ९, इतकेच काय, १३ वर्षांचे चक्रही तितकेच चपखल बसते, असे त्यांना दिसून आले. जे माप कोणाच्याही अंगाला बसते, ते कोणाचेच माप नव्हे! त्यांनी तो निबंध मागे घेतला.

तरीही ती कल्पना त्यांच्या मनातून गेली नाही. याच सुमारास, १८७६ ते १८७८ या काळात, मद्रास, म्हैसूर, हैदराबाद आणि मुंबई इलाख्यातील दख्खनचा भाग यांवर भीषण दुष्काळ कोसळला. ५० लाखांहून अधिक माणसे दगावली असावीत, असा अंदाज आहे. जेव्हन्स यांनी तर्क केला, की सूर्यातील फेरबदलामुळे हिंदुस्थानातील पाऊस चुकतो, पीक बुडते, रयतेजवळ इंग्लंडचे कापड घेण्यास पैसा उरत नाही आणि त्यामुळे इंग्लंडचा व्यापार मंदावतो. डागांचे चक्र सुमारे साडेदहा वर्षांचे आहे, असे त्या वेळी एका शास्त्रज्ञाने म्हटले होते. व्यापारी संकटांमधील सरासरी अंतरही जवळजवळ तेवढेच भरले. जेव्हन्स यांना आपला तर्क सिद्ध झाल्यासारखे वाटले.

परंतु डागांचे चक्र सरासरी ११ वर्षांचे असते. अर्ध्या वर्षाचा फरक लहान वाटतो. पण दहा चक्रांत तो पाच वर्षांचा होतो. म्हणजे आरंभी जे संकट डाग कमी असताना आले, तसेच संकट पुढे डाग भरात असताना येणार! मग डागांना कारण कसे म्हणावे? शिवाय, डागांच्या चढउताराबरोबर सूर्याच्या तेजात पडणारा फरक हजारात एक भागाइतकाच असतो, हे आता उपग्रहांनी मोजले आहे. १९०४ ते १९२४ या काळात हिंदुस्थानच्या वेधशाळांचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर यांनी डाग आणि पाऊस यांचे आकडे ताडून पाहिले. त्यांना भरवशाचा संबंध आढळला नाही. त्यांना मान्सूनचा संबंध दिसला तो दूरच्या पॅसिफिक महासागरावरील हवेच्या दाबाशी.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर फांदी कावळ्याने मोडली असे ठरत नाही. हा विवेक केवळ शास्त्रज्ञांच्याच कामाचा आहे असे नाही. त्या दुष्काळात एकीकडे माणसे अन्नाविना मरत होती आणि दुसरीकडे या देशातून धान्याची निर्यात चालूच होती. पाऊस पाडणे माणसाच्या हाती नव्हते. धान्य थांबवणे आणि वाटणे हाती होते. सगळा दोष आकाशातील डागांवर टाकला, तर पृथ्वीवरील माणसांची जबाबदारी कोणी पाहावी? चुकीचे कारण मानले, की उपायही चुकतो.

मात्र सूर्याचा आणि अर्थव्यवहाराचा काहीच संबंध नाही, असेही नव्हे. सूर्यावर स्फोट झाले, की विद्युत्‌भारित कणांचे लोट कधी कधी पृथ्वीपर्यंत येतात. १३ मार्च १९८९ रोजी अशा सौर वादळामुळे कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा सुमारे नऊ तास बंद पडला आणि ६० लाख लोक अंधारात राहिले. वीज आणि उपग्रह यांवर चालणाऱ्या आजच्या जगाला या वादळांची पूर्वसूचना मिळणे आवश्यक आहे. यासाठी भारताने २ सप्टेंबर २०२३ रोजी ‘आदित्य एल-१’ हे यान सूर्याच्या अभ्यासार्थ पाठविले. त्यावरील एक दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली आहे.

हर्शेल आणि जेव्हन्स यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. प्रश्न विचारण्यास धैर्य लागते. आपल्याला आवडलेले उत्तर पुन्हा पुन्हा पारखून घेण्यास त्याहून मोठे धैर्य लागते.