चिठ्ठी काढली म्हणजे न्याय झाला का?

समजा, एका कंपनीने विक्रीचं टार्गेट गाठणाऱ्यांना बक्षीस म्हणून तोंडवलीला आणलंय. प्रत्येकाला दोन गोष्टी करता येतील, पण होडीत जागा मोजक्याच. ‘जो आधी येईल त्याला’ म्हटलं, की लवकर उठणाऱ्यांचं फावतं.

मग चिठ्ठ्या टाका. ज्याचा नंबर आधी, त्याने आपल्या दोन्ही गोष्टी उचलायच्या. यात खोटं बोलून फायदा नाही, पण पहिले लोक चांगलं ते सगळं नेतात.

म्हणून एका वेळी एकच गोष्ट, आणि दुसऱ्या फेरीत क्रम उलटा: सीमा, अजित, अजित, सीमा. एकेक जागा आहे डॉल्फिन-फेरी, स्नॉर्कलिंग, खाडीत कयाक आणि मालवणी स्वयंपाकाची. सीमाला डॉल्फिन सर्वात प्रिय, मग स्नॉर्कलिंग. अजितला स्नॉर्कलिंगच हवंय. डॉल्फिन त्याने पाहिलेत, ते नकोत. सीमाला हे ठाऊक आहे. ती आधी स्नॉर्कलिंग घेते, डॉल्फिन तिच्यासाठी शेवटी उरतंच! अजित मात्र मुकला.

हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये कोर्स याच उलटसुलट क्रमाने वाटत. एरिक बुडिश आणि एस्टेल कांतियों यांच्या २०१२च्या अभ्यासात तिथले विद्यार्थी हीच चलाखी करताना दिसले. गंमत म्हणजे, त्यात नुकसान होऊनही सरासरीने ते पहिल्या, ‘प्रामाणिक’ पद्धतीपेक्षा बरे ठरले.

तुम्ही प्रपोजल लिहाल तेव्हा हे लक्षात ठेवा. पद्धत नंतर निवडा. ‘न्याय्य’ म्हणजे काय मोजणार, ते आधी लिहा.