अपत्यहीनता : तपासणी दोघांची हवी

लग्नाला दोन-तीन वर्षे होऊनही पाळणा हलला नाही, की दोष बहुधा सुनेच्या माथी मारला जातो. उपास, नवस, अंगारेधुपारे तिच्याच वाट्याला येतात. काही घरांत मुलाच्या दुसऱ्या लग्नाची भाषाही सुरू होते. पहिला विवाह कायम असता असे लग्न हा हिंदू विवाह अधिनियम, १९५५ अन्वये गुन्हा आहे, हे मात्र कोणी सांगत नाही. वास्तविक अशा जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषातील उणीव हे एकमेव किंवा जोडीचे कारण असते. वीर्यतपासणी सोपी, निर्धोक व कमी खर्चाची आहे. तरी ती टाळण्याकडेच पुरुषांचा कल दिसतो.

शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून तंबाखू, विडी किंवा दारू आज सोडली, तर तिचा परिणाम तीनेक महिन्यांनी दिसू लागतो. शुक्राणूंच्या वाढीस शरीराहून दोन-तीन अंश कमी उष्णता लागते. भट्टीजवळ सतत काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. फवारणी करणाऱ्यांनीही सावध असावे. १९७७ साली कॅलिफोर्नियात डीबीसीपी हे सूत्रकृमिनाशक तयार करणाऱ्या कामगारांमध्ये वंध्यत्व आढळले होते. व्यायामशाळेत शरीर कमावण्यासाठी घेतली जाणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने तर शुक्राणूनिर्मितीच थांबवू शकतात. पौरुष वाढविण्याच्या हौसेचा हा विचित्र परिणाम होय.

स्त्रियांच्या बाबतीत वजन फार वाढले किंवा फार घटले, तर पाळी अनियमित होते व बीज वेळेवर सुटत नाही. स्थूल स्त्रीचे वजन पाच ते दहा टक्के उतरले, तरी अनेकदा पाळी मार्गी लागते. आहारात महागडी चूर्णे नकोत. भाकरी, उसळ, पालेभाजी, फळे, दूध आणि चालत असल्यास अंडी-मासळी पुरेशी आहेत. गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घेतल्याने गर्भाच्या मेंदूचे व मज्जारज्जूचे जन्मजात दोष बऱ्याच अंशी टळतात.

आहाराला मर्यादाही आहेत. क्षयरोगाने बंद झालेल्या गर्भनलिका पालेभाजीने उघडत नाहीत. एक वर्षाच्या नियमित सहवासानंतर, आणि पत्नीचे वय पस्तिशीपुढे असल्यास सहा महिन्यांनंतर, पतिपत्नींनी बरोबरच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तेथून पुढील तपासणीसाठी ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घेता येते.